पूर्वेला आणि पूर्वेचा

तोफखाने सर वर्गात येण्याआधी त्यांचा कापूस यायचा. ते दाराशी थांबत, बंद गळ्याच्या कोटाच्या खिशातून तपकिरीची जुनी डबी काढत आणि तिच्यातला वातीच्या कापसाचा एक धागा चिमटीत धरून सोडून देत. धागा तरंगत आत येई. कधी पहिल्या बाकावर बसे, कधी फळ्याकडे जाई. तो कुठे टेकतो ते पाहून झालं की सर आत येत आणि कोणती खिडकी लावायची ते सांगत. फळा पुसताना खडूची धूळ मुलांच्या अंगावर जाऊ नये, एवढंच कारण ते देत. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही काहीतरी पूजा असावी.

उज्जैनला मी नवीन होते. वडिलांची बँकेतली नोकरी फिरतीची, त्यामुळे माझं शिक्षण महूच्या एका मिशनरी शाळेत, वसतिगृहात राहून झालेलं. इंग्रजी मला चांगलं येई, मराठी घरापुरतं, आणि हिंदी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवून घेई. जुळेपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असे. बी. एस्सी.च्या गणिताच्या वर्गात आम्ही अठरा जण होतो. मुलगी मी एकटी. त्यामुळे माझी गप्प बसण्याची सवय कुणाला खटकली नाही. उलट ती शिस्तीत जमा झाली.

तोफखाने हे सरांचं खरंच आडनाव होतं. चार पिढ्या घराणं संस्थानच्या तोफखान्यात; तोफा उडवायला नव्हे, तिथे कारकुनी करायला. आणि हा माणूस शिकवायचा काय, तर फेकलेली वस्तू कशी जाते आणि कुठे पडते. मुलांना आणखी काय हवं? पण आडनावावरच्या विनोदांना सर हसत नसत. ‘हवा साब’ हे दुसरं नाव मात्र त्यांना चालायचं. "म्हणा, हवा म्हणा. तेवढ्याने तरी ती तुमच्या लक्षात राहते."

आमच्या पुस्तकात प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी एक वाक्य असे : हवेचा विरोध लक्षात घेऊ नये. पहिल्याच तासाला सरांनी ते सगळ्यांना पेन्सिलीने खोडायला लावलं. "हे लिहिणारा माणूस खोलीत बसून लिहीत होता. पंखासुद्धा बंद असणार." मग त्यांनी फळ्यावर दोन रेघा काढल्या. एक पुस्तकातली : चढ जसा तसाच उतार, आरशात पाहिल्यासारखी कमान. दुसरी त्यांची : चढण लांब आणि तिरपी, उतरण जवळजवळ उभी, विहिरीत बादली सोडावी तशी.

"गोळा दमतो," सर म्हणाले. "जाताना दमतो आणि येताना सरळ खाली बसतो. कुठे बसतो ते आपल्याला आधी कळलं पाहिजे. नंतर काय, सगळ्यांनाच कळतं."

त्या ‘आधी’त सरांचा जीव अडकलेला असायचा. मैदानावर मुलं क्रिकेट खेळत असली की ते व्हरांड्यातून ओरडत, "मागे! चार पावलं मागे!" आणि बहुतेक वेळा चेंडू तिथेच येई. मुलं टाळ्या वाजवत. सर मात्र रुमालाने कपाळ पुसत राहत, जणू तो चेंडू कुणाच्या तरी डोक्यात बसून गेला आहे. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या मुलांना ते दुसऱ्यांच्या गच्च्यांवरून खाली उतरवत. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. त्या म्हणायच्या, "यांच्याबरोबर साधं महाकाळाला जायचं तरी वेधशाळेला विचारून निघावं लागतं." घरी कुणी कसलाही बेत सांगितला, मुलीचं स्थळ असो की छप्परदुरुस्ती, की सरांचा प्रश्न ठरलेला असे : "हवा धरली का?"

ही काळजी कुठून आली, ते त्यांनी एकदाच सांगितलं. नऊ वर्षांचे असताना ते वडिलांबरोबर तोफांचा सराव बघायला गेले होते. मे महिना होता, लू सुटलेली. गोळा किती लांब जाईल याचं छापील कोष्टक परदेशातून आलेलं, थंड मुलखातलं. तापलेली हवा पातळ असते, गोळ्याला कमी अडवते. गोळा निशाणाच्या पलीकडे गेला आणि नाल्यावर एक म्हैस मेली. तिच्यापासून चार पावलांवर एक बाई धुणं धूत होती.

"बाईला काही झालं नाही," सर म्हणाले. "तिची बादली उलटली आणि उतारावरून वाजत खाली गेली. बराच वेळ वाजत होती. वडील म्हणाले, कोष्टकाप्रमाणेच केलं होतं. आता हे त्या बाईला कोण समजावणार?"

एवढं बोलून त्यांनी फळा पुसला. आधी कापूस सोडायचा राहिला, आणि सगळी धूळ त्यांच्याच अंगावर आली.

हवा धरून गोळ्याचा मार्ग काढायचा तर एका सूत्रात उत्तर मिळत नाही. गोळ्याचा वेग जितका जास्त, तितका विरोध कितीतरी जास्त. आणि विरोधाने वेग क्षणोक्षणी बदलतो. त्यात वारा असला तर आणखी एक पायरी. "गोळ्याला जमीन माहीत नसते, त्याला फक्त हवा लागते," सर सांगत. म्हणजे आधी गोळ्याच्या वेगातून वाऱ्याचा वेग वजा करायचा, जो उरेल त्यावरून विरोध काढायचा, आणि गोळा अर्धा सेकंद पुढे न्यायचा. मग परत पहिल्यापासून. पुढचा अर्धा सेकंद.

यासाठी सर पंगत बसवत. खरोखरची पंगत. शनिवारी दुपारी व्हरांड्यात सतरंज्यांच्या लांब पट्ट्या अंथरायच्या, प्रत्येकापुढे पाट, पाटावर लॉगचं पुस्तक आणि पाटी. पहिल्याने अर्धा सेकंद करायचा आणि कागद पुढे सरकवायचा. दुसऱ्याने पुढचा अर्धा. सर वाढप्यासारखे वाकून मधून फिरत. "शर्माजी, तुमच्या पानात काय? वेग? बघू. खडा लागला तर आत्ताच थुंका, पुढच्याला वाढू नका." मुलगी म्हणून मी पंगतीच्या टोकाला, जरा अंतर सोडून बसलेली. म्हणून अठरावा घास माझा. गोळा जमिनीवर आणायचं काम माझ्याकडे आलं ते असं.

एकदा माझ्या आधीच्या मुलाने वारा वजा करायच्या ऐवजी मिळवला. मला ते लगेच दिसलं. सांगायचं तर त्याच्याशी बोलावं लागणार होतं. पंगतीतली सगळी डोकी वळली असती. मी त्याचा आकडा गुपचूप दुरुस्त केला, माझा पुढे केला आणि कागद सरांकडे दिला.

सरांनी तो बराच वेळ पाहिला. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "लिमयेबाई, हे तुम्ही बदललंत?"

मी मान हलवली.

"बरोबर बदललंत. बिलकुल बरोबर." मला बरं वाटायच्या आत ते पुढे म्हणाले, "पण मागच्याला सांगायचं. न सांगता दुरुस्त केलं तर तो पुढेही तसंच वाढणार. आणि तुम्ही रोज बरोबर असाल कशावरून?"

त्यांतलं पहिलं वाक्य मी जपून ठेवलं. दुसरं ऐकलं नाही म्हटलं तरी चालेल.

माझ्या शेवटच्या वर्षी मध्य भारत नावाचं आमचं राज्य जाऊन मोठा मध्य प्रदेश व्हायचा होता. शहरात उत्साह होता, पण कचेऱ्यांत आणि स्टाफरूममध्ये कुजबुज जास्त. कुणाची बदली कुठे होईल, कुठलं खातं कुठल्या गावी जाईल, कुणालाच माहीत नव्हतं. नकाशा एवढा मोठा झालेला की एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला टाकला तर दोन दिवस गाडीत जायचे. नव्या प्रदेशाच्या स्वागताला दिवाळीच्या तोंडावर रामघाटासमोर आतषबाजी करायची ठरली, तीही नेहमीची नाही. लोखंडी नळीतून उंच जाऊन फुटणारे मोठे गोळे. सगळ्या शाळांची मुलं बोलवायची होती. व्यवस्था पाहणारे अधिकारी दक्षिणेकडचे, नवे होते. त्यांचं काम इंग्रजीत चाले. त्यांनी कॉलेजकडे विचारणा केली : गोळे कुठून उडवावेत, आणि एखादा न फुटता खाली आला तर कुठे पडेल?

सरांना हे मिळाल्यावर त्यांची झोप गेली. काकू म्हणाल्या, "सन्मान मिळाला म्हणून लोक पेढे वाटतात. हे बघा, काढा पिऊन राहिलेत."

गोळा नळीतून किती वेगाने निघतो ते कळल्याशिवाय पंगत बसवता येत नव्हती. म्हणून एका दुपारी आम्ही भैरवगढच्या बाजूला शिप्रेच्या काठी गेलो. आतषबाज रमजान उस्ताद नळी घेऊन आले होते. गोळ्यात दारूऐवजी राख भरलेली. काठावर छाप्याची कापडं वाळत होती. सर ती छापणाऱ्या छिप्यांना हात जोडून विनवू लागले की कापडं उचला.

"पंडितजी, रंग सूखेगा तब उठाऊँगा," एक म्हातारा जागचा न हलता म्हणाला. "आप अपना गोला उधर फेंको ना, आसमान बहुत बड़ा है."

"आसमान मोठं आहे हो, पण गोळा तिथे राहत नाही ना," सर मराठीतच म्हणाले आणि स्वतः कापडं गुंडाळायला लागले. उस्तादांनी मात्र बोट ओलं करून वर धरलं. "पुरवाई है बाबूजी. पूरब से. हफ़्ताभर यही चलेगी." सरांनी कापूस सोडला, तो उस्तादांच्या बोटाशी सहमत झाला. तेव्हापासून सर उस्तादांचं नाव आदराने घेऊ लागले. "त्यांचं यंत्र तोंडातच असतं," ते म्हणाले.

गोळा वर जाऊन परत येईपर्यंत नऊ सेकंद लागले. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे अठरा घास. त्या शनिवारची पंगत दिवे लागेपर्यंत उठली नाही. वाऱ्याबरोबर गोळा किती हात सरकतो एवढंच आम्ही काढत होतो. दिशा सर शेवटी बसवणार होते. मी गोळा जमिनीवर आणला तो नळीपासून ऐंशी हातांवर. सरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग मला बोलावून मराठीत लिहिलेला कागद दिला. "याचं इंग्रजी करा. माझं इंग्रजी गणितापुरतं आहे."

कागदात मुख्य गोष्टी दोनच होत्या. नळ्या नदीपलीकडच्या काठावर लावाव्यात. आणि : ‘वारा पूर्वेचा धरला आहे, पश्चिमेची बाजू दीडशे हात पूर्ण रिकामी ठेवावी.’

मी घरी टेबलाशी बसले. पूर्वेचा वारा. आमच्या इंग्रजी पुस्तकांतल्या होड्यांच्या आणि विमानांच्या उदाहरणांत एक ठरलेला शब्दप्रयोग असे, ‘विंड ब्लोइंग ड्यू ईस्ट’, म्हणजे पूर्वेकडे जाणारा वारा. तोच मला छान वाटला. तो लिहिला. पुढचं वाक्य लिहिताना मी थांबले. वारा पूर्वेकडे जातो, तर गोळा पूर्वेकडे पडणार. मग पश्चिम बाजू रिकामी कशाला? सरांची चूक झाली. चार दिवस झोप नाही त्यांना. मला त्यांची दया आली, खरंच आली. विचारायला गेले असते तर काकूंसमोर, घरी आलेल्या लोकांसमोर, तुमचं चुकलं म्हणावं लागलं असतं. मी ‘वेस्ट’च्या जागी ‘ईस्ट’ लिहिलं. बाहेर खिडकीचा पडदा हलत होता. मी वाऱ्याकडे पाहिलंच नाही, मी वाक्याकडे पाहिलं.

सकाळी सरांनी कागद हातात घेतला, माझं वळणदार अक्षर पाहिलं आणि म्हणाले, "वा. हे मी काय तपासणार?" आणि खाली सही केली. ज्या माणसाने खडूच्या धुळीवरसुद्धा कधी विश्वास टाकला नव्हता, त्याने माझ्यावर टाकला.

आतषबाजीच्या दिवशी चार वाजता मी सरांबरोबर नदीवर गेले. अलीकडच्या, पूर्वेच्या काठावर रामघाटाच्या वरच्या पायऱ्या दोर लावून बंद केलेल्या होत्या. मला जरा विचित्र वाटलं. छोट्या पुलाच्या मध्यावर सर एकदम थांबले. पलीकडच्या काठावर, नळ्यांच्या मागच्या, पश्चिमेच्या मोकळ्या मैदानात सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि शाळांची मुलं रांगा करून येऊन बसत होती. मुलींच्या वेण्यांना रिबिनी, मुलांच्या हातांत कागदी झेंडे. झेंडे सगळे एकाच बाजूला फडफडत होते.

सरांनी डबी काढली. घाईत झाकण निसटून पाण्यात पडलं. कापसाचा धागा सुटला, नळ्यांवरून गेला आणि सतरंज्यांकडे निघून गेला.

सर पळाले. त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. धोतर सावरत, छत्री काखेत तशीच. रमजान उस्ताद नळ्यांपाशी उभे होते.

"उस्ताद, मुलं इकडे कशी?"

"मैं भी यही सोच रहा था बाबूजी. पूछा मैंने. बोले, प्रोफ़ेसर साब का काग़ज़ है, अंग्रेज़ी में. अब अंग्रेज़ी काग़ज़ के आगे मैं क्या बोलूँ?"

स्वयंसेवकाकडे कागदाची प्रत होती. सरांनी ती घेतली आणि वाचली. मी तीन हातांवर उभी होते. त्यांचे ओठ हलत होते. एका ठिकाणी ते थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. त्या क्षणी मला सगळं कळलं, पूर्वेचा म्हणजे काय ते. मी वाट पाहत होते की ते आता माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. कागदाची घडी केली आणि त्या नव्या अधिकारी साहेबांच्या मंडपाकडे गेले.

मी मागे गेले. मला वाटतं, सांगायलाच गेले.

"साहेब, पत्रात चूक आहे. मुलं इथून हलवायला हवीत. आत्ता."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पाहुणे तासाभरात यायचे होते. "हे पत्र तुमचं की नाही?"

"माझं. सही माझी आहे."

"सकाळी बरोबर होतं आणि आता चूक झालं?"

"सकाळपासून चूकच होतं साहेब. आता दिसलं."

"लिहिलं कुणी?"

"मी," सर म्हणाले. "पूर्व-पश्चिमेत माझी गडबड झाली."

मी तोंड उघडलं होतं. इंग्रजीत, माझ्या उत्तम इंग्रजीत, एक वाक्य तयार होतं. ते जुळेपर्यंत साहेब उठून गेले.

एवढ्या शाळांची मुलं त्या अरुंद पुलावरून परत न्यायची, ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही. मास्तर-मास्तरणी वैतागलेल्या. "पहले इधर बैठाया, अब उधर. हवा साब की खोपड़ी में हवा भर गई है!" कुणीतरी मोठ्याने म्हणालं आणि हशा झाला. सर पुलाच्या तोंडाशी उभे राहून एकेका मुलाला पुढे सरकवत होते. "पळू नका. हात धरा. कठड्याकडे नको, मधून." मी दोन लहान मुलींचे हात धरून तीनदा पूल ओलांडला. अंधार पडायला लागला होता. शेवटची रांग घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर बसली तेव्हा पाहुण्यांची मोटार आली. सतरंज्या उचलायला वेळच राहिला नाही. त्या पलीकडे तशाच पडून होत्या.

भाषणं झाली. मग पहिला गोळा गेला. वर जाऊन लाल फुलं फुटली, नदीत दुसरी फुटली, मुलं किंचाळली. सर आकाशाकडे बघत नव्हते. डोळे मिटून मोजत होते, "एक... दोन... तीन... चार," आणि चारला आवाज झाला की श्वास सोडत. दुसरा, तिसरा, सहावा. सातव्या गोळ्याला चारला आवाज झाला नाही.

"पाच," सर म्हणाले. त्यांनी डोळे उघडले. वर काहीच नव्हतं, नुसता काळोख. त्यांचं बोट त्या काळोखात हळूहळू खाली यायला लागलं, उभ्या रेषेत, जणू फळ्यावरची ती दुसरी रेघ ते गिरवत होते. सहा. सात. आठ.

गोळा जमिनीवर फुटला. पलीकडच्या मैदानात हिरव्या ठिणग्यांचं एक प्रचंड फूल जमिनीतून उगवलं आणि रिकाम्या सतरंज्यांवरून चारी बाजूंना पसरत गेलं. मग घाटावरच्या सगळ्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"वाह! वाह! ज़मीन वाला अनार!"

साहेबही टाळ्या वाजवत होते. नंतर त्यांनी उस्तादांना विचारलं, तो खालचा प्रकार मुद्दाम केला होता का. उस्तादांनी एकदा सरांकडे पाहिलं. सर नळ्यांकडे बघू लागले. "जी हुज़ूर," उस्ताद म्हणाले, "ख़ास आइटम था." खरं सांगितलं असतं तर उस्तादांना पुन्हा कुणी काम दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला मैदानात बोलावून घेतलं. मी रात्रभर जे पाठ केलं होतं ते म्हणायला गेले होते. सतरंज्यांना ठिकठिकाणी भोकं पडली होती; जिथे गोळा टेकला तिथे जमीन काळी झालेली. एका सतरंजीच्या कडेला अर्धा जळालेला कागदी झेंडा होता. सर नळ्यांच्या जागेपासून हातांनी अंतर मोजत आले, ओणवे, छिप्यांच्या कापडासारखी सतरंजी बाजूला गुंडाळत.

"साठ," ते म्हणाले. "आपण ऐंशी काढले होते."

"सर, मी..."

"वीस हात कुठे गेले लिमयेबाई?" त्यांचा चेहरा खरोखर कळवळलेला होता. "संध्याकाळी वारा पडला असेल का? की वर एक आणि खाली एक असेल? वर काय आहे, ते आपण धरलंच नाही. पुन्हा पंगत बसवायला पाहिजे."

माझं पाठ केलेलं तिथेच राहिलं. मुलं सुखरूप होती, सर हरवलेल्या वीस हातांच्या मागे लागले होते. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. दोन महिन्यांनी बदल्यांची यादी आली. सरांचं नाव नव्या प्रदेशाच्या पार दुसऱ्या टोकाला, छत्तीसगडच्या बाजूला होतं. मी पुस्तकं परत करायला गेले तेव्हा काकू बांधाबांध करत होत्या. "फायलीत शेरा आहे म्हणे यांच्या. काय शेरा, माहितीये? निष्काळजी!" त्या हातातलं पातेलं आपटत म्हणाल्या. "ताक फुंकून पिणारा माणूस हा! पाणीसुद्धा फुंकून पितो! आणि निष्काळजी! कुणी सांगितलं असेल, देव जाणे. घे, लाडू घे." मी लाडू घेतला. तो खाल्ला. आतल्या खोलीत सर पाटाला दोरी बांधत होते, पंगतीतल्या पाटाला, आणि त्यांना सगळं ऐकू जात होतं.

स्टेशनवर आठ-दहा मुलं आली होती. रमजान उस्ताद एका कोपऱ्यात डब्यातली मिठाई घेऊन उभे. मी ठरवून आले होते की आज बोलायचंच. मुलं सामान लावायला आत गेली तेव्हा मी खिडकीशी गेले.

"सर, ते इंग्रजी..."

"थांबा," सर म्हणाले. तोंडी परीक्षेला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पूर्वेला आणि पूर्वेचा, यात फरक काय?"

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. अर्थात होतं. अक्षर माझंच होतं.

"पूर्वेला म्हणजे जिकडे जायचं ते," मी म्हणाले. "पूर्वेचा म्हणजे जो तिकडून येतो तो."

"बरोबर. बिलकुल बरोबर." ते हसले. मी त्यांना फारसं हसताना पाहिलं नव्हतं. "आता मी पूर्वेला चाललो आहे. तिकडून परत आलो, तर पूर्वेचा."

शिट्टी झाली. गाडी हलली तसा त्यांचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला, काळजीने ओढलेला. माझ्या पायांकडे बघत ते हाताने खुणावू लागले, "मागे! चार पावलं मागे!" मी मागे सरले. मग त्यांनी डबी काढली. झाकण शिप्रेत गेल्यापासून तिच्यावर कागद बांधलेला असे. तो सोडून त्यांनी एक धागा खिडकीबाहेर धरला, आणि सोडला.

गाडी वळणाआड गेली. मुलं पांगली. मी तिथेच उभी होते. कापसाचा तो धागा रुळांवरून उलटा, सावकाश तरंगत आला आणि माझ्या बाहीवर टेकला. वारा पूर्वेचा होता.